आत्ता नको

घर विकायला वर्षातला चांगला काळ कोणता, हे कुणालाही विचारून पाहा. तुम्ही कोणत्या महिन्यात विचारताय याच्याशी उत्तराचा काही संबंध नसतो. उत्तर एकच येतं, "आत्ता नको."

आमचं कोथरूडमधलं घर तिसऱ्या मजल्यावर. इमारत ऐंशीच्या दशकातली. तीन मजल्यांना लिफ्ट कशाला, असं तेव्हा बिल्डरला वाटलं आणि आम्हालाही वाटलं, कारण तेव्हा आमचे गुडघे पंचविशीत होते. आता जिना चढताना ते जे बोलतात ते तळमजल्यावरच्या काकूंना ऐकू जातं. तेव्हा हे घर विकायचं आणि लिफ्टवालं घ्यायचं यावर आमचं नवरा-बायकोचं एकमत झालं. एकमत हा प्रकार आमच्याकडे इतका दुर्मिळ की त्याच संध्याकाळी कुणाला तरी रस्त्यात गाठून व्यवहार उरकायला हवा होता. पण ही म्हणाली, "विकूया हो, पण कधी?" आणि तो 'कधी' आमच्याकडे राहायलाच आला.

पहिला सल्ला मेहुण्यांचा. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे दुसऱ्याच्या पैशांबद्दल त्यांना फार आस्था. "मेट्रो येऊ दे," ते म्हणाले. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, त्या आठवड्यात म्हणाले. मग पौड रोडवर पत्रे लागले. घर बघायला येणारा माणूस पत्र्यांमधून वाट काढत, धूळ खात, वैतागून यायचा आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच भाव पाडायला तयार असायचा. "थांबा," मेहुणे म्हणायचे, "आत्ता विकलं तर मूर्खपणा." अखेर ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला. आम्ही सहकुटुंब हौसेने बसून आलो आणि परत आल्यावर, रुळांचे खांब मी स्वतः रोवले असावेत अशा थाटात, घराची किंमत वाढवून टाकली.

त्यानंतर आलेल्या पहिल्याच गृहस्थांनी विचारलं, "मेट्रो जवळच आहे म्हणता. मग आवाज येत असेल ना?"

"छे, स्टेशन बरंच लांब आहे," ही घाईघाईने म्हणाली.

"लांब आहे? मग एवढा भाव कसला सांगताय?"

पैशांचं खातं मेहुण्यांकडे, तसं काळाचं खातं माझ्या आत्याकडे. आत्याजवळ सोलापूरचं दाते पंचांग असतं आणि चष्मा नसतो, त्यामुळे ती बरंचसं तोंडपाठच सांगते. "हे बघ, पौषात नको. चैत्रात पाडवा आहे, पण पाडव्याला लोक नवं घेतात, तुझं जुनं कोण घेतंय? आणि आषाढीला देव झोपतात."

"उठतात कधी?"

"कार्तिकी एकादशीला."

"म्हणून एजंटनेही चार महिने झोपायचं?"

"त्याचं काय सांगतोस! तो तर मला बारा महिने झोपलेलाच दिसतो."

मधेच अधिक महिना निघतो. साधारण पावणेतीन वर्षांनी तो येतोच. २०२३ ला श्रावण दोन आले, २०२६ ला ज्येष्ठ दोन. अधिक महिन्यात जावयाला अनारसे मिळतात, घराला गिऱ्हाईक मिळत नाही. मी आत्याला म्हटलं, "एवढं सगळं वजा केलं तर वर्षात उरतं काय?" तर म्हणाली, "साडेतीन मुहूर्त आहेत की! ते बघावेच लागत नाहीत." त्यावर हिने विचारलं, की अर्धा मुहूर्त नेमका कोणता? आत्या म्हणाली बलिप्रतिपदा. हिच्या माहेरी अक्षय्य तृतीया अर्धी धरतात. घर विकायचा विषय त्या रविवारी तिथेच संपला आणि हिच्या माहेरचा सुरू झाला.

पुढे मी सरकारी सुट्ट्यांची यादी घेऊन बसलो तेव्हा मला एक शोध लागला. गुढीपाडव्याला सरकारी सुट्टी. दसऱ्याला सुट्टी. बलिप्रतिपदेला सुट्टी. म्हणजे आत्याच्या हिशेबाने साडेतीनपैकी अडीच मुहूर्तांना रजिस्ट्रार ऑफिसला, खास हुकूम निघाला नाही तर, कुलूप. उरली एकटी अक्षय्य तृतीया, तीसुद्धा शनिवार-रविवारी येणार नसेल तर. जन्मात एकदा घर विकणाऱ्या माणसाला वर्षातून जेमतेम एक दिवस, आणि त्या दिवशी सर्व्हर चालू असला पाहिजे.

तरी माझा पंचांगावर राग नाही, कारण त्याची ताकद किती ते मी एकदा पाहिलेलं आहे. २०२० मध्ये कोविडनंतर बाजार उठावा म्हणून राज्य सरकारने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क कमी केलं. मुंबईत पाच टक्क्यांचं थेट दोनवर आणलं. सवलत १ सप्टेंबरपासून. मंत्रालयातल्या कुणीही भिंतीकडे पाहिलं नसावं, कारण १ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. पितृपक्ष संपला तर लगेच अधिक आश्विन, तो थेट १६ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे सवलतीचा पहिला दीड महिना शास्त्राने पूर्ण बाद. आत्याला धन्य वाटलं. "बघ, सरकारचं काही चालतं का!" आणि झालं काय, तर त्या सप्टेंबरात मुंबईतली घरांची नोंदणी ऑगस्टच्या दुपटीच्या वर गेली. तीन टक्के वाचत असतील तर पूर्वजही दोन घास उशिरा खातात.

"ती मुंबई," आत्या म्हणाली.

एजंटचं पंचांग वेगळं. त्याच्या भाषेत माणसं नसतात, पार्ट्या असतात. सिरियस पार्टी, टाइमपास पार्टी, आणि जिच्याबद्दल तो आवाज खाली आणून बोलायचा ती कॅश पार्टी, जी मी कधी पाहिली नाही. त्याच्या मते मार्केट नेहमी थोडं स्लो असतं आणि पुढच्या महिन्यात उठणार असतं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या म्हणून स्लो. गणपतीत मंडळाचा मांडव आमच्या गल्लीच्या तोंडावर असल्याने पार्टी आत येऊ शकत नाही म्हणून स्लो. फेब्रुवारीत "बजेट होऊ दे सर," मार्चमध्ये दहावी-बारावी, एप्रिल-मेमध्ये पार्ट्या कोकणात. मे महिन्यात भरदुपारी तीन जिने चढून आलेली एक पार्टी सोफ्यावर बसली, तीन तांबे पाणी प्यायली, आणि पाणी किती वेळ येतं असं विचारत असतानाच खाली टँकर शिरला. त्यानंतर संभाषण विशेष पुढे गेलं नाही.

पण एजंटचा खरा शत्रू पावसाळा. वर गच्ची. सोसायटी दर दोन-तीन वर्षांनी वॉटरप्रूफिंग करून घेते, त्यामुळे पाणी दर दोन-तीन वर्षांनी नव्या जागी येतं. हॉलची पश्चिमेकडची भिंत मात्र त्याने कायमची धरलेली. जूनमध्ये तिथे एक ठिपका उमटतो, जुलैत तो पसरतो आणि ऑगस्टमध्ये त्याला किनारे आणि बेटं येतात.

"सर, तिथे काहीतरी टांगा," एजंट म्हणाला.

आम्ही काश्मीरचं एक चित्र टांगलं. आठवड्याभरात दल सरोवर चौकटीबाहेर आलं. मग एका बँकेचं मोठं कॅलेंडर लावलं. ते जुलै निभावून नेतं. ऑगस्टात एक पुरत नाही, शेजारी दुसऱ्या बँकेचंही लावावं लागतं. घर बघायला आलेल्या एका बाईंनी दोन्ही कॅलेंडरांकडे पाहत नवऱ्याला हळूच विचारलं, "यांचं दोन ठिकाणी लोन आहे का?"

काही लोक मात्र मुद्दाम पावसातच येतात. असे एक निवृत्त इंजिनियर आले. आयुष्यभर धरणं बांधली होती, म्हणजे पाणी कुठून येतं हे त्यांना कळत होतं. हातात गळणारी छत्री, ती त्यांनी आमच्या कोरड्या भिंतीला टेकवली आणि ओल्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत उभे राहिले. "खरं घर पावसातच कळतं," ते म्हणाले.

"म्हणूनच आम्ही पावसात दाखवत नाही सर," एजंट बोलून गेला. एवढ्या वर्षांत त्याचं हे एकच वाक्य मला खरं वाटलं.

हिवाळा चांगला म्हणतात. भिंती वाळलेल्या, ऊन कोवळं, घरात मार्गशीर्षातल्या गुरुवारचा धूप. शिवाय डिसेंबरात परदेशातून मंडळी येतात. आमच्याकडे न्यू जर्सीहून एक जोडपं आलं. तीन आठवड्यांच्या सुट्टीत दोन लग्नं, एक मुंज, अष्टविनायक आणि घरखरेदी एवढा त्यांचा कार्यक्रम होता. त्यांना घर फार आवडलं. मोझाइकची फरशी आवडली, बाल्कनीतली तुळस आवडली, बाईंचे तर डोळे भरून आले. "अगदी आमच्या आजीकडे होतं तसंच सगळं!" मी मनातल्या मनात किंमत आणखी थोडी वाढवली. निघताना त्यांनी आमचा, घराचा आणि तुळशीचा फोटो काढला आणि म्हणाले, "नक्की टचमध्ये राहू." फोटो कुणाच्या तरी फेसबुकवर अजून असेल.

तर मेहुणे म्हणाले, "बरंच झालं. डिसेंबरात विकून काय करणार होता? कराचं पाहा." मार्चच्या आत विकलं तर कर याच वर्षी. एप्रिलमध्ये विकलं तर हिशेब पुढच्या वर्षीचा. पण १ एप्रिलला रेडी रेकनरचे दर बदलतात, म्हणून घेणाऱ्याला मार्चच हवा. २०२३ आणि २०२४ ला दर जसेच्या तसे राहिले, तेव्हा मार्चमध्ये घाईने रांगा लावलेल्यांनी सरकारला शिव्या घातल्या. २०२५ ला वाढले, तेव्हा न लावलेल्यांनी घातल्या. शिवाय नवं घर आधी घेतलं तर त्यानंतर वर्षाच्या आत जुनं विकलं गेलं पाहिजे, जुनं आधी विकलं तर दोन वर्षांत नवं घेतलं पाहिजे, तरच कर वाचतो. हा मुहूर्त आत्याच्या मुहूर्तांहून कडक. त्यातून जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर जुन्या घरांना दोन वाटा मिळाल्या, महागाईचा निर्देशांक धरून वीस टक्के किंवा न धरता साडेबारा. मेहुण्यांनी दोन्हींचे रकाने आखले. इतका प्रसन्न माणूस मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता. विकायचं घर आमचं, भरायचा कर आमचा, आणि आनंद पूर्णपणे त्यांचा.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठलं. "विकताय म्हणे? वेडे आहात का? रीडेव्हलपमेंट येतंय."

"कधी?"

"येतंय."

रीडेव्हलपमेंट आमच्या सोसायटीत मी केस काळे असल्यापासून येतंय. दर सर्वसाधारण सभेत ते येतं, चहा पितं आणि जातं. तळमजल्यावाल्यांना दुकानं हवीत, दुसऱ्या मजल्यावाल्यांना चाळीस टक्के जास्त जागा हवी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांना (हे मीच) बिल्डर आपल्या हयातीत लिफ्ट लावेल का एवढंच विचारायचं असतं. येणारी प्रत्येक पार्टीही तेच विचारते, रीडेव्हलपमेंट कधी? लवकर म्हणावं तर म्हणतात, "मग तुम्ही का विकताय?" उशिरा म्हणावं तर म्हणतात, "मग आम्ही का घ्यायचं?"

या सगळ्या महिन्यांच्या वर एक सार्वभौम उत्तर आहे ते म्हणजे "दिवाळीनंतर बघू." ते मे महिन्यातही चालतं. त्यात कुणाचा नकार नसतो, कुणाचा होकार नसतो, आणि म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर घर घेतल्याचं समाधान असतं. मीही ते इतकं ऐकलं की एकदा दुधवाल्याने बिल दिलं तर तोंडातून तेच निघालं.

शेवटी जी पार्टी खरी निघाली ती आली पितृपक्षात. एक तरुण मुलगा, आयटीत. बरोबर आई आणि बायको. मला वाटलं, काळाच्या पुढे गेलेला दिसतोय. "पितृपक्षात घर बघायला आलात?" मी कौतुकाने विचारलं.

"काका, या दिवसांत दुसरं कुणी येत नाही ना," तो म्हणाला. "म्हणून भावाचं जरा नीट बोलता येतं."

त्याने सरळ जाऊन कॅलेंडरं उचलली, खालचा सगळा भूगोल पाहिला, गालातल्या गालात हसला आणि आकडा सांगितला. आकडा मेहुण्यांच्या अंदाजाहून खाली आणि माझ्या गुडघ्यांच्या अंदाजाहून बराच वर होता. मी "हो" म्हणालो. त्यानेही हात पुढे केला. त्याबरोबर आम्हा दोघांच्याही तोंडाची चव गेली. मला वाटलं, इतक्या लवकर तयार झाला म्हणजे मी कमी सांगितलं. त्याला वाटलं, इतक्या लवकर तयार झाले म्हणजे भिंतीत आणखी काहीतरी आहे.

तरी टोकन झालं, घटस्थापनेला. मग मामला अडला तो एका टक्क्यावर. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. योजना उत्तमच, पण कोणत्या बाईच्या, हे सरकारने त्या घरावर सोपवलंय. मुलाच्या आईने गृहीत धरलं होतं की आपल्या. सुनेने गृहीत धरलं होतं की आपल्या. दसरा गेला, कोजागरी गेली. एजंट रोज फोन करून सांगायचा, "पार्टी सिरियस आहे सर, फक्त घरात बोलत नाहीयेत." दिवाळी गेली. खरोखरच दिवाळीनंतर बघायची वेळ आली. अखेर तोडगा निघाला, की घर दोघींच्या नावावर. मुलाचं नाव दस्तात कुठेच नाही, बँकेच्या हप्त्यांवर तेवढं आहे.

आता तारीख. माझ्या बाजूचा साक्षीदार गावाला, त्यांच्या बँकेचा अधिकारी रजेवर, मुलाची अमेरिकेतल्या लोकांशी रात्रीची मीटिंग, सुनेच्या भावाचं लग्न. सगळ्यांना जमणारी एकमेव तारीख निघाली ती पौषातली, मंगळवार, त्यातून अमावस्या. मी भीत भीत आत्याला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. आपण विकतोय. दोष घेणाऱ्याला."

रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर मुलाची आई माझ्या शेजारी बसली होती. "अमावस्या आहे हो," मी सहज म्हणालो. "विचारलं मी गुरुजींना," त्या म्हणाल्या. "आपण लक्ष्मी देतोय, दोष विकणाऱ्याला." दोघांनीही दोष एकमेकांकडे सोपवल्यामुळे वातावरण एकदम मोकळं झालं. मग सर्व्हर गेला. मग आला. मग आमच्या हिचा अंगठा यंत्र घेईना. इतकी वर्षं धुणीभांडी करून रेघा झिजल्या, असं ती तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. सहाव्या-सातव्या दाबाला अंगठा उमटला आणि घर गेलं.

आठवड्याच्या आत तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "थोडं थांबायला हवं होतं." सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हाला सांगत होतो." मेहुण्यांनी रकान्यांच्या खाली लाल शाईने एक आकडा काढून दाखवला. तिकडे त्या मुलालाही त्याच्या ऑफिसात सगळे सांगत होते, की जरा थांबला असतास तर स्वस्तात मिळालं असतं. आम्ही दोघं फोनवर एकमेकांची समजूत काढायचो. चांगला मुलगा आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. बाहेर धो धो पाऊस लागलेला. "काका, हॉलमध्ये तुमची ती कॅलेंडरं होती ना, ती कुठल्या बँकांची?"

मी दोन्ही बँकांची नावं दिली, शाखा सांगितली, जानेवारीत कुणाला भेटायचं तेही सांगितलं. आणि एवढी ओळख झालीच आहे म्हणून वर हेही सांगून टाकलं, की यंदा पाऊस जास्त म्हणतायत, तिसऱ्या एखाद्या बँकेत खातं उघडून ठेव.